हीटरचा कॉक पुन्हा पुन्हा गळतो: जुन्या जिप्सीत डॅशबोर्डमागची झडप बदलताना

डाव्या सीटपुढची रबरी मॅट उचलली की खाली हिरवट, बोटाला बुळबुळीत लागणारं पाणी. काचा बंद असताना गाडीत गोडसर वास. पावसात ब्लोअर लावला की पुढच्या काचेवर आतून तेलकट थर. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: हीटरचा कॉक गेला. निदान बहुधा बरोबरही असतं. कॉक बदलला जातो, गाडी सहा महिने कोरडी राहते आणि मग पुन्हा तीच मॅट, तेच पाणी.

एकदा गळला तर कॉक म्हातारा झाला म्हणून सोडून द्यावं. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा गळला, तर खोट दुसरीकडे आहे आणि कॉक फक्त तिचा मार खातो आहे. ती खोट न शोधता नवा कॉक बसवणं म्हणजे पाच-सहा तास डॅशबोर्डखाली मान मोडून घेऊन पुढच्या गळतीची तारीख ठरवणं.

कॉक करतो काय

इंजिनाचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) दोन रबरी होजमधून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) पलीकडे, म्हणजे केबिनमध्ये येतं. तिथे छोट्या रेडिएटरसारखी जाळी असते, तिला हीटर कोर म्हणतात. ब्लोअरची हवा तिच्यातून गेली की गरम होते. जाळीत गरम पाणी जाऊ द्यायचं की नाही हे ठरवणारी झडप म्हणजे हा कॉक. पार्टच्या दुकानात ‘हीटर कॉक’ किंवा ‘वॉटर व्हॉल्व्ह’ म्हणून मागा, दोन्ही नावं चालतात. डॅशबोर्डवरचा निळा-लाल खुणांचा दांडा सरकवला की एक तारेची केबल ओढली जाते आणि कॉकचा हात फिरतो, बस.

नव्या गाड्यांत जाळी कायम गरम असते आणि हवेची फळी वळवून तापमान ठरतं. जिप्सीच्या काळातल्या साध्या रचनेत असं काही नाही, सगळा भार या एका झडपेवर. आणि ती बसवलेली असते डॅशबोर्डमागे, हीटरच्या डब्यापाशी, जिथे एक हात जेमतेम जातो आणि तो गेला की दिसायचं बंद होतं. तुमच्या गाडीत इंजिनच्या बाजूलाच होजच्या मध्ये झडप दिसली तर तुमचं नशीब थोर: अर्ध्या तासाचं काम आहे, खालचं निम्मं वाचायची गरज नाही.

महाराष्ट्रात हीटर लागतो कशाला, असं विचारणारे खूप भेटतात. एसी नसलेल्या गाडीतून जुलैत ताम्हिणी किंवा माळशेज उतरून बघावं. चार माणसांच्या श्वासाने धुकटलेली काच फडक्याने पुसून पुन्हा दोन मिनिटांत धुकटते. गरम, कोरडी हवा काचेवर सोडली की ती स्वच्छ राहते. हिवाळ्यात स्पिती-लेहकडे गाडी नेणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको.

कॉक खोलण्याआधी खात्री करा

ओली मॅट म्हणजे गळका कॉकच, असं नाही. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून येतं, एसी असेल तर त्याच्या तुंबलेल्या निचऱ्याच्या नळीतून येतं. पांढरा टिश्यू पेपर टेकवून बघा. एसीचं आणि पावसाचं पाणी रंग न सोडता वाळतं. कूलंटचा डाग हिरवा किंवा गुलाबी उमटतो, कडेला गोल रेघ सोडतो आणि वाळल्यावरही चिकट लागतो. जीभ लावून चव बघू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं.

कूलंटच आहे हे ठरलं, तरी कॉक, त्याच्या दोन्ही टोकांचे होज आणि खुद्द जाळी असे तीन आरोपी उरतात. ग्लव्ह बॉक्स काढून टॉर्च आणि छोटा आरसा आत घाला. कॉकच्या फिरत्या दांड्याभोवती पांढरी-हिरवी खरपुडी धरली असेल तर दांड्याचं सील गेलं आहे. सगळ्यात जास्त वेळा हेच असतं. होजच्या टोकाशी, क्लिपखाली खरपुडी असेल तर कदाचित कॉकला हातही लावावा लागणार नाही. ही दोन्ही ठिकाणं कोरडी आणि डब्याच्या खालच्या फटीतून मात्र थेंब येत असतील, तर जाळी फुटली आहे. तेव्हा अख्खा डबा बाहेर काढणं आलं आणि एवीतेवी उघडलंच आहे तर कॉकही त्याच वेळी बदला.

काही वेळा तक्रार गळतीची नसतेच. दांडा थंडवर असूनही पायाशी गरम हवा येत राहते, एसी कितीही गॅस भरला तरी गारवा धरत नाही. इंजिन पूर्ण गरम करून, दांडा थंडवर ठेवून फायरवॉलमध्ये जाणारे दोन्ही होज हाताने चाचपा, पंख्यापासून बाही लांब ठेवून. कॉक नीट बंद होत असेल तर एक होज चटका देईल आणि दुसरा बराच कमी गरम असेल. दोन्ही सारखेच तापले असतील तर कॉकमधून पाणी वाहतं आहे. पक्की खात्री हवी असेल तर इंजिनकडून येणाऱ्या होजवर जाड कापड गुंडाळून होज-क्लॅम्पने तो दाबून बंद करा आणि एसीच्या झरोक्यात थर्मामीटर ठेवा. दहा मिनिटांत हवा चार-पाच अंशांनी उतरली तर एसी निर्दोष आहे. नुसत्या पकडीने होज चिमटू नका, जुना होज आतून चिरतो. आणखी एक: कॉकला दोनऐवजी चार नळ्या असतील तर बंद स्थितीतही पाणी कॉकमधूनच परत फिरतं आणि दोन्ही होज गरमच लागतात. अशा गाडीत ही हाताची परीक्षा लागू नाही.

उलट तक्रार, म्हणजे दांडा गरमवर असून हवा गार येते, ही असली तर आधी तापमानाच्या काट्याकडे बघा. आपल्याकडे ‘गाडी गरम होते’ म्हटलं की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून फेकण्याची जुनी खोड आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हवं तेवढं तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं आणि हीटर कोमटच राहतो. काटा अर्ध्याच्या खूप खाली रेंगाळत असेल तर कॉक तसाच राहू द्या, थर्मोस्टॅट बसवा. साधारण ८२ अंशांना उघडणारा असतो. त्याच्या अंगावर आकडा कोरलेला असतो.

पुन्हा पुन्हा जाण्याची खरी कारणं

पहिलं कारण रेडिएटरच्या झाकणात. त्यावर आकडा असतो: ०.९ किंवा १.१, कधी ८८ किंवा १०८ (तोच दाब, किलोपास्कलमध्ये). म्हणजे किती दाबाला झाकण पाणी सोडणार. ०.९ च्या गाडीला दुकानात हाताला लागलं म्हणून १.१ चं झाकण बसवलं की सगळ्या जोडण्यांवर जास्तीचा दाब कायमचा येतो आणि जिथे सगळ्यात कमजोर जागा आहे तिथून पाणी वाट काढतं. पंचवीस वर्षांच्या गाडीत ती जागा म्हणजे हाच कॉक. झाकणाचं रबर कडक होऊन चिकटलं असेल तरी तोच परिणाम. कॉक बदलताना गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याचं नवं झाकण घ्याच, एवढ्या कामापुढे त्याची किंमत काहीच नाही.

झाकण बरोबर आहे आणि तरीही दाब वाढतो आहे, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा होज दाबून बघा. पाणी अजून गारच आहे, पण होज दगडासारखा टणक झाला, तर दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी थांबायचं नाव न घेणारे बुडबुडे दिसले, तर तीच गोष्ट. असं असताना कॉक बदलणं म्हणजे फुटलेल्या टाकीला नवा नळ लावणं.

दुसरं कारण पाणी. बोअरचं पाणी महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी इतकं क्षारयुक्त असतं की कळशीला पांढरी पुटं चढतात. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की क्षार कॉकच्या फिरत्या भागावर बसतात. त्यात दांडा वर्षभर थंडवरच. क्षार आणि गंज मिळून तो भाग जागच्या जागी चिकटवतात आणि पहिल्या पावसात काच पुसायला म्हणून कुणीतरी दांडा जोरात ओढतो. आतलं सील त्या खरखरीत थरावरून घासत जातं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मॅट ओली. यावर उपाय फुकट आहे: महिन्यातून एकदा, इंजिन गरम असताना, दांडा पूर्ण गरम ते पूर्ण थंड असा चार-पाच वेळा फिरवायचा.

रेडिएटरची बारीक गळती थांबवायला हळद टाकण्याचा उपाय हायवेवर अडकल्यावर कामाला येतो, हे खरं. पण ती हळद नंतर जाते कुठे? सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात मंद प्रवाह असलेल्या जागी, म्हणजे हीटरच्या जाळीत आणि कॉकमध्ये. गळती बंद करणाऱ्या पावडरींचंही तेच.

तिसरं कारण बसवणाऱ्याचा हात. प्लॅस्टिकच्या कॉकवर स्क्रूवाली क्लिप दातओठ खाऊन आवळली की नळीला केसासारखी चीर जाते. ती लगेच गळत नाही. तापणं-निवणं पन्नासेक वेळा झालं की उघडते. चौथं कारण केबल, तिच्याबद्दल पुढे.

सामान

कॉक घेताना जुना नमुना हातात असला तर उत्तम, पण गाडी खोलून ठेवून दुकानं फिरणं परवडत नाही. निदान फोटो न्या आणि तीन गोष्टी जुळवा: नळ्यांची बाहेरची जाडी, हात कोणत्या बाजूला फिरतो, केबलची क्लिप बसायची जागा कुठे आहे. दुकानातच हात दहा वेळा फिरवून बघा. एकसारखा, थोडा जड फिरला पाहिजे. ढिला फिरणारा आणि दांडा बोटाने हलवला की डुगडुगणारा कॉक परत द्या. मग हात बंद स्थितीत ठेवून एका नळीतून तोंडाने फुंका. फुंकर आरपार गेली तर तो नवा असूनही गळका आहे. स्वस्त नकलांत असे सर्रास निघतात. दुकानदार हसला तर हसू द्या.

धातूचा मिळत असेल तर प्लॅस्टिकपेक्षा तोच घ्यावा. अंगावर बाण असेल तर तो प्रवाहाची दिशा दाखवतो.

हीटर होज मीटरभर लागेल. आतला व्यास या वर्गातल्या गाड्यांत साधारण १६ मिलिमीटर असतो, पण मोजूनच घ्या. अर्धा मिलिमीटर ढिला होज क्लिपने आवळून कधीच धड बसत नाही. रबर ईपीडीएम (कूलंट आणि उष्णता सोसणारं कृत्रिम रबर) हवं. पेट्रोलचा किंवा एअर लाइनचा होज चालणार नाही. क्लिपा सहा, स्प्रिंगच्या मिळाल्या तर जास्त चांगल्या, कारण त्या रबर आकसलं-फुगलं तरी दाब सारखा ठेवतात. कूलंट घेताना डब्यावर तयार मिश्रण आहे की काँसंट्रेट हे वाचा. तयार मिश्रणात आणखी पाणी घालून ते बिनकामाचं करणारे पुष्कळ आहेत. काँसंट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. अर्ध्याला अर्धं हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, म्हणजे लेहची तजवीजही त्यातच झाली.

हत्यारांत १० चा रिंग पाना आणि सॉकेट, पाव इंची रॅचेट आणि हातभर एक्स्टेंशन, लांब नाकाची पकड, वाकड्या टोकाची एक पकड, फुली आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, धारदार कटर, आरसा, कपाळावर बांधायचा दिवा. मापाच्या खुणा असलेली बादली. जुनी वर्तमानपत्रं भरपूर.

काम

इंजिन किमान तीन तास बंद हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, कारण डॅशबोर्डमागे उघड्या वायरींत धातूचा पाना फिरणार आहे. दांडा पूर्ण गरमवर ठेवा. रेडिएटरचं झाकण काढा, खालचा निचऱ्याचा कॉक सैल करून पाणी बादलीत घ्या आणि किती निघालं ते लिहून ठेवा. शेवटी हवा अडकली की नाही हे याच आकड्यावरून कळणार आहे.

आता ज्या पायरीला बहुतेक जण टाळतात ती: केबिनमध्ये शिरण्याआधी फायरवॉलजवळचे दोन्ही होज इंजिनच्या बाजूने सोडा, एकाला बादलीत धरा आणि दुसऱ्यातून हळूच हवा फुंका. सायकलचा पंप पुरतो. कंप्रेसरची हवा पूर्ण दाबाने मारू नका, जुनी जाळी फाटते. जाळीत अडकलेलं पाणी बाहेर येईल, काळं किंवा गंजाच्या रंगाचं. हे केलं नाही तर तेवढंच पाणी नंतर तुमच्या तोंडावर आणि गालिचावर पडणार.

होज निघत नसेल तर पिळू नका. हीटरच्या जाळीच्या नळ्या पातळ असतात आणि डाकलेल्या किंवा दाबून बसवलेल्या असतात. होजबरोबर नळी फिरली की कॉकच्या कामाचं जाळीचं काम होतं. कटरने होजला लांबीच्या दिशेने चीर द्या, नळीवर ओरखडा येणार नाही एवढ्याच दाबाने, आणि केळ्याच्या सालीसारखा सोलून काढा. होज नवा घालायचाच आहे, त्याचा जीव वाचवून काय करायचं?

केबिनमध्ये डावी सीट मागे सरकवा, शक्य असेल तर काढाच, चार बोल्ट आहेत आणि पाठ वाचते. ग्लव्ह बॉक्स, त्याखालची पट्टी, रेडिओ आणि मधला भाग काढा. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या वाटीत, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला की मागच्या वायरीत घुसतो. ब्लोअरकडून हीटरच्या डब्याकडे येणारी प्लॅस्टिकची नळी निघाली की कॉकची बाजू मोकळी दिसते. एसी असलेल्या गाडीत या दोहोंच्या मधे कूलिंगचा डबा असतो. त्याला जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या सोडू नका, आत दाबाखाली गॅस आहे.

हात अजूनही पोचत नसेल तर हीटरच्या डब्याचे नट सैल करा, पूर्ण काढू नका, आणि डबा तीन-चार सेंटिमीटर आपल्याकडे झुकवा. फायरवॉलच्या भोकातल्या रबरी बुशांवर ताण येतो आहे का, बघत राहा. या तीन-चार सेंटिमीटरमध्ये सगळी गंमत आहे. रॅचेट बसत नव्हता तिथे बसू लागतो.

केबल सोडण्याआधी तिचे दोन फोटो काढा, दांडा गरमवर असताना एक, थंडवर असताना एक. केबलचं बाहेरचं आवरण एका पोलादी क्लिपमध्ये दाबून बसवलेलं असतं. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती उचकटताना दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर टेकवून ठेवा, नाहीतर टण् करून उडते आणि ब्लोअरच्या पोटात जाऊन बसते. आतल्या तारेच्या टोकाला वेटोळं असतं, ते कॉकच्या हातावरच्या खुंटीतून सरळ वर उचला. तार वाकवू नका. एकदा मुरडलेली तार सरळ केली तरी त्याच जागी अडकते.

कॉकचे स्क्रू निघाले की खाली वर्तमानपत्राचा जाड थर घालून तो बाहेर घ्या. जुना कॉक फेकून देण्याआधी उजेडात नीट बघा, तो स्वतःच्या मरणाचं कारण सांगतो. पांढरा चुन्यासारखा थर असेल तर पाणी वाईट. तपकिरी चिखल असेल तर कूलंट कित्येक वर्षं बदललेलं नाही आणि नुसता गंज फिरतो आहे. नळीवर लांबीची चीर असेल तर क्लिप जास्त आवळली होती. सील स्वच्छ, प्लॅस्टिक धड, तरी गळत होता? मग दाब. झाकण आणि हेड गॅस्केट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॉक बाहेर आहे तोवर जाळी धुऊन घ्या. बागेच्या नळीने, नळ अर्धाच सोडून, आधी उलट दिशेने आणि मग सुलट. स्वच्छ पाणी येईपर्यंत, मग आणखी दोन मिनिटं. जाळीच्या नळीच्या टोकावरची खरपुडी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत काढा. बोट फिरवल्यावर नखाला काही लागता कामा नये. नवा कॉक महिनाभरात होजच्या टोकाशी गळतो तो बहुधा इथल्या कंटाळ्यामुळे.

बसवतानाची मेख अशी की जेवढं काम बाहेर होईल तेवढं बाहेर करा. होजचा तुकडा कापून, क्लिप चढवून, कॉकच्या नळीवर बाकावरच पक्का करा. जाळीकडच्या बाजूची क्लिप होजवर आधीच सरकवून ठेवा आणि तिचा स्क्रू अशा बाजूला फिरवा की आत गेल्यावर रॅचेट सरळ त्यावर येईल. हे आत जाऊन ठरवायचं म्हटलं तर तासभर सहज जातो. होज सरकत नसेल तर आतून थोडं कूलंट लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, ईपीडीएम रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं.

क्लिप होजच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर आत आणि नळीच्या उंचवट्याच्या मागे. उंचवट्यावरच आवळलेली क्लिप आज घट्ट वाटते आणि आठवड्यात सैल होते. आवळायचं मनगटाने, कोपराने नाही. रबर क्लिपच्या कडेला किंचित फुगलं की थांबा. क्लिपच्या खाचांतून रबर वर येऊ लागलं तर जास्त झालं.

केबल

गळत नाही, तरी गरम हवा येतेच, अशी नव्या कॉकची तक्रार आली की बहुतेक वेळा केबल चुकीची बसवलेली असते. क्रम महत्त्वाचा. डॅशबोर्डवरचा दांडा पूर्ण थंडवर न्या आणि दीड-दोन मिलिमीटर मागे घ्या. कॉकचा हात बोटाने पूर्ण बंदच्या टोकाला टेकवा. तारेचं वेटोळं खुंटीत घाला आणि तो हात तसाच दाबून धरून बाहेरचं आवरण क्लिपमध्ये बसवा. आता दांडा पूर्ण थंडवर नेला की आधी कॉकचा हात टोकाला टेकेल, मग दांडा. उलटं झालं तर दांडा टोकाला पोचतो, कॉक मात्र फटभर उघडा राहतो, आणि त्या फटीतून गेलेलं ९० अंशांचं पाणी केबिन तापवायला पुरेसं असतं.

दांडा जड जात असेल तर जोर लावू नका. केबल मोकळी करून फिरवून बघा: केबल जड की कॉक? केबल जड असेल तर तिच्यात पातळ मशीन ऑइलचे थेंब सोडा किंवा बदला. जड केबल कॉकच्या दांड्याला रोज तिरका ओढते आणि सील एकाच बाजूने झिजतं. तोच तो सहा महिन्यांचा फेरा.

पाणी भरणं आणि हवा काढणं

पॅनेल लावू नका. सोडलेले होज जोडा, निचऱ्याचा कॉक आवळा, बॅटरीची तार लावा आणि आधी पाणी. गाडीचं तोंड चढावर ठेवा, दांडा पूर्ण गरमवर, रेडिएटर हळूहळू भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा आणि वरचा होज एकदम गरम होईपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, पातळी उतरली की ओतत राहा. पाणी वर उसळून येऊ लागलं तर इंजिन बंद करून थांबा, गरम इंजिनवर वाकून बघू नका. मग झाकण लावून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा. गाडी पूर्ण निवल्यावरच झाकण पुन्हा उघडा आणि पातळी भरा. काढलेलं आणि घातलेलं पाणी जुळलं पाहिजे. अर्धा लिटर कमी मावलं असेल तर तेवढी हवा आत आहे. डॅशबोर्डमागून ओढ्यासारखा खळखळ आवाज येणं ही तिचीच खूण. पुन्हा एकदा तापवा, निववा, भरा.

प्रेशर टेस्टर मिळत असेल तर गार इंजिनवर झाकणाच्या आकड्याएवढा दाब देऊन दहा मिनिटं ठेवा. काटा हलता कामा नये. नसेल तर दोन दिवस ग्लव्ह बॉक्सविना गाडी चालवा आणि कॉकखाली पांढरा कागद अंथरून ठेवा. सकाळी, गार गाडीत बघायचं. गळती गरमपणी दिसत नाही असं पुष्कळदा होतं: रबर फुगून फट बंद होते आणि रात्री आकसलं की थेंब पडतो.

कॉक मिळतच नसेल तर

फायरवॉलपाशी दोन्ही होजच्या तोंडात बोल्ट ठोकून क्लिपा आवळण्याचा प्रकार सर्रास दिसतो. बोल्ट गंजतो, सुटतो आणि सुटतो तो घाटात, इंजिन तापलेलं असताना. हीटर तात्पुरता तोडायचाच असेल तर एकाच होजचा यू आकाराचा वळसा इंजिनच्या दोन नळ्यांना जोडा, होजला मोड पडू न देता.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे झडपच इंजिनच्या बाजूला आणणं. आतल्या कॉकच्या जागी सरळ होज घालायचा आणि इंजिनकडून येणाऱ्या होजवर, बॉनेट उघडला की हाताला येईल अशा जागी, केबलने चालणारी दुसरी झडप बसवायची. झडपेचं वजन होजवर लोंबकळत ठेवू नका, पट्टीने फायरवॉलला धरून ठेवा आणि एक्झॉस्टपासून हातभर लांब. केबल पोचली नाही तर हाताने फिरवायचा पितळी बॉल व्हॉल्व्हही चालतो: जूनमध्ये उघडायचा, ऑक्टोबरमध्ये बंद करायचा. मूळ रचनेच्या प्रेमात असलेल्यांना हे रुचणार नाही. पण पुढची गळती झाली तर ती रस्त्यावर होईल, गालिचाखाली नाही, आणि ती बदलायला वीस मिनिटं लागतील.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांना मारायला पुरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ लिहून, वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजकडे द्या. फरशीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुवा. गालिचा काढून त्याखालचा फेल्ट वेगळा वाळवा. तो तसाच दाबून ठेवला तर वास जाणार नाही आणि दोन पावसाळ्यांत खालचा पत्रा गंजून जाईल.